‘पोउ’ नक्की कुणाचा? कॅन्टोनीज शिकताना अडलेल्या एका शब्दाविषयी

पत्र थोडक्यात, नाव-गाव काढून:

पत्रलेखिका एकतीस वर्षांच्या आहेत, आजोळ बेळगावचं, नोकरीमुळे दोन वर्षांपासून हाँगकाँगमध्ये. बाजारातलं, लिफ्टमधलं, टॅक्सीतलं कॅन्टोनीज त्यांना बऱ्यापैकी जमतं, पण ऑफिसात जेवणाच्या टेबलावर गप्पा राजकारणाकडे, चीन-जपानच्या बेटांकडे, भारत-चीन सीमेकडे वळल्या की सगळं डोक्यावरून जातं. म्हणून त्यांनी अॅपवर दोनशे शब्दांची यादी केली, सार्वभौमत्व, भूभाग, वाद, वाटाघाटी, निदर्शनं, दंगल वगैरे, आणि रोज वीस शब्द पाठ करायला लागल्या. मागच्या महिन्यात एका सहकारी मैत्रिणीला त्यांनी हौसेने विचारलं, “२०१९ च्या पोउ-तुंगच्या वेळी तू कुठे होतीस?” टेबल गप्प झालं. मैत्रीण डबा बंद करून उठून गेली. ऑनलाइन शिकवणाऱ्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे शब्द मी शिकवत नाही. नवरा म्हणतो, परक्या देशात नसत्या भानगडी कशाला. पत्रलेखिका विचारतात: मी चुकीचा शब्द वापरला का, बरोबर शब्द कोणता, आणि हे सगळं शिकणं सोडून देऊ का?

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्या बंद झालेल्या डब्यापाशीच थांबले. मीही तिकडे काही वर्षं काढलीत, आणि त्या भाषेत आपल्या तोंडून शब्द गेल्यावर समोरच्याचा चेहरा मिटतो ते मी पाहिलंय, त्यामुळे तुम्हाला त्या रात्री झोप आली नसणार हे न सांगता कळतं.

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते. सोडू नका. पण ज्या पद्धतीने शिकताय ती बदला.

तुम्ही विचारलंय की बरोबर शब्द कोणता. यात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीय की असा एक शब्द कुठेतरी आहे, सगळ्यांना मान्य असलेला, तो आपल्या यादीत आला नाही म्हणून घोळ झाला. भाजीच्या नावांचं तसं असतं, भांडणाच्या नावांचं नसतं, आणि हे तुम्हाला मी सांगायची खरं तर गरज नाही कारण तुमचं आजोळ बेळगावचं आहे. लहानपणी एसटीच्या पाटीवर ‘बेळगाव’ आणि समोरून येणाऱ्या बसवर दुसरं नाव बघून तुम्हाला कुणी डिक्शनरी काढून दिली नव्हती. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं, तरी मामाच्या घरी काय म्हणायचं आणि तिथल्या सरकारी कार्यालयात अर्ज लिहिताना काय लिहायचं हे तुमच्या घरच्यांना पक्कं ठाऊक असणार. तोच १ नोव्हेंबर एका घरात राज्योत्सव आणि पलीकडच्या घरात काळा दिवस. आपण ‘सीमाप्रश्न’ म्हणतो, म्हणजे प्रश्न अजून सुटायचाय, आणि कर्नाटकच्या बाजूने महाजन अहवालानंतर विषयच संपलेला आहे. ही जाण तुमच्याकडे आहेच. कॅन्टोनीज शिकताना तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि अॅपवर विश्वास ठेवलात, एवढंच झालंय.

आता तो शब्द बघू. पोउ-तुंग. तुंग म्हणजे हालचाल, पोउ म्हणजे हिंसक, दांडगाईचं. अॅपने अर्थ दिला दंगल, आणि तो चूकही नाही. पण १२ जून २०१९ ला, आरोपींना चीनच्या ताब्यात द्यायच्या विधेयकाविरुद्धच्या आंदोलनात, हाँगकाँगच्या विधिमंडळाच्या इमारतीबाहेर जे झालं, अश्रुधूर वगैरे, त्याला पोलिसांनी त्याच दिवशी पोउ-तुंग म्हटलं आणि तिथून पुढे सगळं त्या दोन अक्षरांभोवती फिरायला लागलं. आंदोलकांच्या ज्या पाच मागण्या होत्या त्यातली एक मागणी हीच होती की हा शब्द मागे घ्या. कारण हा शब्द म्हणजे कायद्यातलं कलम आहे, तिथल्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्यात पोउ-तुंगच्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्या आंदोलनात दहा हजारांहून जास्त लोकांना अटक झाली. म्हणजे तुम्ही मैत्रिणीला विचारायला गेलात ‘तेव्हा तू कुठे होतीस’ आणि तिच्या कानावर आला आरोपपत्रातला शब्द. तिच्या घरातलं कुणी त्यात होतं का, ती स्वतः होती का, की उलट तिच्या वडिलांच्या दुकानाची काच फुटली होती, तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. ती रागावली असं तुम्ही धरून चाललायत. ती घाबरली असेल. किंवा टेबलावर दुसरं कुणी बसलेलं असेल ज्याच्यासमोर तिला बोलायचं नसेल. टेबल गप्प होण्याचं कारण दरवेळी आपणच असतो असं नाही, कधी कधी ती माणसं आपसातच त्या विषयावर बरेच दिवस गप्प असतात आणि आपण नेमका तिथे हात लावतो.

या पोउ अक्षरामागे थोडं चालत जा म्हणजे तुमच्या दोनशे शब्दांतले निम्मे आपोआप उलगडतील. १९६७ साली हाँगकाँगमध्ये मोठा उद्रेक झाला, सान पो काँगच्या प्लॅस्टिक फुलांच्या कारखान्यातल्या कामगारांच्या वादातून सुरू झाला, पुढे बॉम्ब, कर्फ्यू, ५१ माणसं गेली. बहुतेक लोक त्याला ‘६७ चा पोउ-तुंग’ म्हणतात. पण ज्या डाव्या संघटनांनी तो लढा केला त्यांचं नाव वेगळं आहे, ‘फान-यिंग-खोंग-पोउ’, म्हणजे इंग्रजांना विरोध आणि पोउचा प्रतिकार. अक्षर तेच! पहिल्या नावात पोउ जमावाचा आहे, दुसऱ्यात पोउ सरकारचा. २०१९ ला परत तेच, सरकारची घोषणा होती ‘ची-पोउ-चय-ल्यून’, हिंसा थांबवा गोंधळ आवरा, आणि रस्त्यावरची पोरं म्हणत होती ‘केंग-पोउ’, म्हणजे पोलिसांचा पोउ. म्हणून कुठलीही बातमी ऐकताना अर्थाच्या आधी स्वतःला एक विचारा, हा पोउ कुणाच्या माथी मारलाय? त्या एका उत्तरात बोलणारा कुठे उभाय ते कळतं. गंमत म्हणजे ‘भूमिका’ या अर्थाचा त्यांचा शब्द आहे लाप-छंग, शब्दशः उभं राहायची जागा.

सरकार स्वतः २०१९ बद्दल कागदोपत्री बहुतेक वेळा आणखी वेगळं नाव वापरतं, ‘सौ-लय फुंग-पो’, कायदादुरुस्तीवरून उठलेलं वादळ, फुंग म्हणजे वारा आणि पो म्हणजे लाट. आणि विरोधकांचं नाव होतं ‘फान-सुंग-चुंग’, चीनकडे पाठवायला विरोध, कारण मूळ भांडण आरोपींना चीनच्या ताब्यात द्यायच्या विधेयकावरून होतं. हे ‘सुंग-चुंग’ ऐकायला हुबेहूब दुसऱ्या एका शब्दासारखं आहे, ज्याचा अर्थ घरातल्या मरणाऱ्या माणसाला शेवटचं पोचवणं. सूरसुद्धा तेच. कुठल्याही यादीत हे सापडत नाही, पण मोर्चात ती पाटी धरलेल्या प्रत्येकाला दोन्ही अर्थ ऐकू येत होते.

उच्चाराचं सांगते कारण तुम्ही पत्रात इंग्रजी अक्षरांतून पाठ करताय असं लिहिलंय. ज्युतपिंग ही लिप्यंतराची पद्धत १९९३ पासून आहे आणि चांगली आहे, पण मराठी माणसाने ती इंग्रजीसारखी वाचू नये. कॅन्टोनीजमध्ये ग, ब, द हे आवाज नाहीतच. तिथे जी लिहिलंय ते क, के लिहिलंय ते ख, बी म्हणजे प, डी म्हणजे त, टी म्हणजे थ. श्वास लावलेला आणि न लावलेला हा फरक इंग्रजी बोलणाऱ्यांना महिनोन्महिने जमत नाही आणि आपल्या जिभेवर तो बाराखडीपासून आहे. आणि झेड म्हणजे आपला ‘चांगला’मधला च, ‘चहा’मधला नाही. वही करा आणि देवनागरीत लिहा, वर सुराचा आकडा टाका. सूर मात्र आपल्याला फुकट मिळालेले नाहीत, ते सहा आहेत आणि तिथे कष्ट घ्यावेच लागतात. उदाहरण परत पोउचंच देते: खालच्या सपाट, सहाव्या सुरात पोउ म्हणजे हिंसा, आणि वर चढणाऱ्या दुसऱ्या सुरात पोउ म्हणजे रक्षण करणं. अक्षर वेगळं, तोंडाचा आकार एकच. हे दोन रोज सकाळी दहादहा वेळा म्हणा, हात वर नेत आणि खाली ठेवत, लाजू नका.

हा रक्षणवाला पोउ तुम्हाला बेटांच्या विषयात लागणार आहे. तैवानच्या ईशान्येला जी छोटी निर्जन बेटं आहेत त्यांना जपान सेनकाकू म्हणतं, चीन सरकार तिआओयू बेट म्हणतं, आणि हाँगकाँगमध्ये लोकांच्या तोंडी आहे तिउ-यू-थोय, मासे गळाला लावायचा ओटा. ही बेटं आपलीच म्हणून चाललेली चळवळ म्हणजे ‘पोउ-तिउ’. माझं मत विचाराल तर राजकीय शब्द शिकायला सुरुवात इथून करा, २०१९ पासून नको. कारण हाँगकाँगमधली लोकशाहीवादी आणि बीजिंगच्या बाजूची, दोन्हीकडची माणसं या चळवळीत होती, त्यामुळे टेबलावर हा विषय निघाला तर एकमेकांसमोर बसलेल्यांना श्वास घ्यायला जागा राहते. सप्टेंबर १९९६ मध्ये डेव्हिड चॅन हा हाँगकाँगचा कार्यकर्ता त्या बेटांजवळ समुद्रात उतरला आणि बुडाला. १५ ऑगस्ट २०१२ ला हाँगकाँगहून गेलेल्या बोटीतली माणसं बेटावर उतरली आणि जपानने त्यांना पकडलं. वयस्क लोकांना हे आठवतं आणि ते सांगतात, निदान मला तरी भरभरून सांगितलंय, माझ्या शेजारच्या आजींनी तर चहा गार होऊ दिला होता.

तिथले शब्द पण बघा किती शिकवतात. ‘लेंग-थोउ’ म्हणजे भूभाग, त्यातला थोउ म्हणजे माती. ‘पुन-थोउ’ म्हणजे आपली माती, स्थानिक, आणि हाच शब्द पुढे हाँगकाँगमधल्या एका राजकीय विचाराचं नाव झाला, इथलं इथल्यांसाठी म्हणणाऱ्यांचं, भूमिपुत्र शब्द ऐकत मोठ्या झालेल्या आपल्याला तो कळायला वेळ लागत नाही. ‘कू-यौ लेंग-थोउ’ म्हणजे मुळातूनच आमचा भूभाग, आणि हीच चार चिनी अक्षरं जपानी सरकारही त्याच बेटांबद्दल वापरतं, फक्त उच्चार जपानी. आणि तुमच्या यादीतला ‘चंग-यी’, वाद. तो तरी तटस्थ आहे असं वाटतं ना? जपानची अधिकृत भूमिका अशी आहे की या बेटांबाबत भूभागाचा वाद अस्तित्वातच नाही. म्हणजे ‘वाद’ म्हटलं तरी एका बाजूला ते खटकतं. दक्षिण चिनी समुद्राचंही तसंच, जुलै २०१६ मध्ये हेगच्या लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला आणि चीनने तो मानला नाही, त्यामुळे त्या बातमीत ‘निकाल’ या शब्दाच्या आधी ‘सो-वय’ लागलाय का एवढंच ऐका. सो-वय म्हणजे तथाकथित. तसंच ‘सेंग-छेंग’, दावा केला, आणि ‘ची-छत’, निदर्शनास आणलं. बोलणाऱ्याचं क्रियापद पकडायला शिकलात तर दोनशे नामं पाठ करायची गरज पडत नाही.

भारत-चीन सीमा निघाली की मात्र तुम्ही पाहुण्या नसता, हे लक्षात असू द्या. ‘चुंग-यन पिन-केंग’, चीन-भारत सीमा, हे ऐकू येईल. चिनी भाषेतल्या बातम्यांमध्ये अरुणाचल प्रदेशाला ‘चोंग-नाम’ म्हटलेलं ऐकाल, म्हणजे दक्षिण तिबेट, आणि सहकारी ते अगदी सहज म्हणेल, कारण त्याने शाळेपासून नकाशात तेच वाचलंय, तुम्हाला डिवचायला नाही. तुम्हाला ते टोचेल, आणि टोचू दे, त्या क्षणी तुमच्या मैत्रिणीला काय झालं असेल त्याची चव कळेल. उत्तर द्यायचं तर साधं द्या, आम्ही त्याला अरुणाचल म्हणतो. वाद घालायची गरज नाही पण त्यांचा शब्द तोंडात घ्यायचीही नाही. जून २०२० च्या गलवानबद्दलही तेच.

आता १९९७, हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं ते साल. ‘वुई-क्वय’ म्हणजे घरी परतणं, ‘यी-काऊ’ म्हणजे हस्तांतर, आणि दोन्ही शब्द ऐकू येतील, सरकारी समारंभात फक्त पहिला. १९ डिसेंबर १९८४ च्या संयुक्त जाहीरनाम्यात दोन्ही देशांनी आपापलं वाक्य वेगळं लिहिलंय, ब्रिटन म्हणतं आम्ही हाँगकाँग चीनला परत देऊ, आणि चीन म्हणतो आम्ही सार्वभौमत्वाचा ‘वापर’ पुन्हा सुरू करू, म्हणजे सार्वभौमत्व, च्यू-ख्यून, आमच्याकडून कधी गेलंच नव्हतं. करार एक, सही एकाच दिवशी.

नवऱ्याच्या काळजीबद्दल. ती काळजी पोकळ नाही, तुम्ही ती उडवून लावू नये असं मला वाटतं. ३० जून २०२० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा, ‘क्वोक-ऑन-फात’, लागू झाला, मार्च २०२४ मध्ये त्यावर आणखी एक कायदा आला. जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयात एका घोषणेवरून निकाल लागला, त्या खटल्यात दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी ‘क्वोंग-फुक’ या दोन अक्षरांचा अर्थ काय यावर साक्षी दिल्या, गेलेला मुलूख परत मिळवणं एवढाच अर्थ की आणखी काही. २०१२ साली शेउंग शुई स्टेशनवर सामानाची ने-आण करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गर्दीविरुद्ध लोक जमले होते तेव्हा हाच शब्द वापरला होता, आमचं स्टेशन आम्हाला परत द्या एवढ्यापुरता. न्यायालयाने ती घोषणा फुटीरतेला चिथावणी देऊ शकते असं ठरवलं. २०२४ मध्ये एका माणसाला टी-शर्टवरच्या घोषणेसाठी चौदा महिने शिक्षा झाली. मी वकील नाही, पण माझ्या बुद्धीप्रमाणे सांगते: शब्दाचा अर्थ माहीत असणं, बातमी समजणं, कायदा वाचणं ही एक गोष्ट, आणि घोषणा म्हणणं, लिहिणं, स्टेटसला टाकणं, पिशवीवर लावणं ही दुसरी. पहिली करा. दुसरी, कुतूहल म्हणूनसुद्धा, उच्चाराचा सराव म्हणूनसुद्धा, करू नका. आणि ऑफिसच्या फोनवर ते अॅप ठेवू नका, यादीला ‘राजकारण’ नाव देऊन सहकाऱ्यांना दाखवू नका.

शिकवणाऱ्या बाईंना परत त्याच शब्दांचं विचारू नका. त्या का नाही म्हणाल्या हे त्यांनी सांगायला हवं असंही नाही, कॉल रेकॉर्ड होत असेल, घरात कुणी ऐकत असेल, किंवा ते दिवस त्यांना आठवायचे नसतील. त्यांना एवढंच म्हणा की मला बातम्या ऐकून कळायला हव्यात, बोलायचं काही नाही, आपण हवामान आणि घरभाड्याच्या बातम्यांपासून सुरू करूया का. कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे असा मला दाट संशय आहे. पेपरातली आणि निवेदनातली भाषा पुस्तकी असते, तिथे ‘नाही’ला ‘पत-सी’ येतं आणि तुम्ही बाजारात शिकलात ‘म-हय’. हा सांधा जुळला नाही तर कितीही राजकीय नामं पाठ करा, वाक्य निसटणारच. आणि टेबलावरची माणसं तर भूभागाचा वाद वगैरे म्हणतच नाहीत, ती म्हणतात ‘आय-काऊ’, भांडण, घरातल्या भांडणालाही तोच शब्द. हे असले आधी शिका.

एकट्याने वाचायला दोन जागा चांगल्या आहेत. हाँगकाँगचे कायदे सरकारी वेबसाइटवर चिनी आणि इंग्रजी दोन्हींत शेजारी-शेजारी उघडता येतात, आणि सरकारची पत्रकंही दोन्ही भाषांत निघतात, एकच परिच्छेद घ्या आणि आठवडाभर त्याच्याशी बसा. शब्दाचा बोलीतला वापर बघायला वर्ड्स डॉट एचके हा कोश आहे. अॅपमधली यादी पुसा असं नाही म्हणत मी, पण प्रत्येक शब्दापुढे वहीत दोन गोष्टी हाताने लिहा, हा कुणाच्या तोंडून ऐकला आणि कोणत्या सालाबद्दल. ज्या शब्दापुढे हे लिहिता येत नाही तो अजून तुमचा झालेला नाही, तो तोंडातून काढू नका. वर्षभरात पन्नास झाले तरी पुष्कळ.

आणि मैत्रीण. तिच्याशी बोला, पण टेबलावर नको, चॅटवर तर नकोच, स्टेशनकडे चालताना बोला. लांबलचक माफी नको. “म-होउ-यी-सी, को-यत ङो युंग-छो-ची”, माफ कर, त्या दिवशी मी शब्द चुकीचा वापरला. त्याच्यापुढे ‘मग बरोबर कोणता’ असं विचारू नका, ती तुमची शिक्षिका नाही. ती विषय बदलेल, बदलू द्या. कधीतरी महिन्याने, वर्षाने, ती स्वतःहून ‘को-चन’ म्हणून वाक्य सुरू करेल. को-चन म्हणजे ‘तेव्हा’, नुसतं तेव्हा, साल नाही, नाव नाही. मी तिथे असताना बहुतेकांच्या तोंडून एवढंच ऐकलं. तेव्हा म्हणजे कधी हे विचारू नका. तिला थांबावंसं वाटलं तर थांबू द्या, आणि ती अडखळली पण सांगायचं असेल असं दिसलं तर एवढंच म्हणा, “कन-च्यू ने?” मग पुढे?